लेक डबा वाटून टाकते आणि म्हणते मला संत व्हायचंय

पत्र:

ताई, माझी मुलगी ९ वर्षांची आहे, चौथीत. यंदा तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घ्यायचा विधी. कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, क्लासला बालसंतांच्या गोष्टी चालू आहेत आणि फातिमा गावची जसिंता तिच्या डोक्यात पक्की बसलीय. डबा रिकामा यायचा म्हणून मी खूश होते, मग कळलं की ती तो व्हॅनमधल्या मुलांना वाटते आणि स्वतः पाणी पिऊन बसते. रात्री गादी सोडून लादीवर झोपते. परवा आंघोळ घालताना बघितलं तर कमरेला सुतळी बांधलेली, खाली लाल वळ. विचारलं तर म्हणे पापी लोकांसाठी करतेय. सासूबाई म्हणतात देवाचं बोलावणं आलंय, पुढच्या प्रार्थनासभेत तिला साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, उभी करू. नवरा म्हणतो तो क्लासच बंद कर. त्यात टीचरनी मारिया गोरेत्ती नावाच्या बालसंताची गोष्ट सांगितली, "जीव दिला पण अब्रू नाही दिली" अशी, तेव्हापासून लेक विचारते, मला कोणी धरलं तर मी पण मरायचं का? मला तिची श्रद्धा मोडायची नाहीये पण हे बघवत पण नाही. काय करू?
– वसईची एक आई

उत्तर:

अगोदर सुतळी सोडा. आज रात्रीच, हे उत्तर वाचून झालं की लगेच. ओरडायचं नाही, "वेडी झालीस का" म्हणायचं नाही, सासूबाईंसमोर तमाशा नको. तिला जवळ घ्या, सुतळी काढा, वळांना खोबरेल लावा आणि म्हणा की जसिंताला पण ही रात्री बांधून झोपायला नाही सांगितलं होतं. हे मी मनचं सांगत नाहीये, गोष्टीतच आहे, फक्त तुमच्या लेकीपर्यंत तेवढा भाग पोचलेला दिसत नाही.

दुसरं, मुलांच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन आणा. वजन बघतील, हिमोग्लोबिन बघतील. किती दिवस ती दुपारची उपाशी राहतेय ते आपल्याला माहीत नाही, आणि नऊ वर्षांच्या पोराने जेवण टाळायला लागणं, मग कारण देवाचं असो नाहीतर बारीक दिसायचं असो, हे डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखंच असतं. कारण पण सांगा त्यांना, लाजू नका. दोन-तीन आठवड्यांत जेवण सुरळीत झालं नाही तर मुलांच्या समुपदेशकाकडे जा. ह्यात श्रद्धेचा काही अपमान वगैरे नाहीये.

आता जसिंता. मीही कॅटेकिझमला बसूनच मोठी झालेय, आणि फातिमा मातेचा फोटो आपल्याकडे घरोघरी असतो, तीन पोरं गुडघ्यावर, बाजूला मेंढ्या, आणि त्या फोटोत ती पोरं इतकी शहाणी दिसतात की वाटतं जन्मली तीच हात जोडून. पण खरी पोरं तशी नव्हती हो. ही गोष्ट पोर्तुगालमधली, १९१७ सालची, लुसिया १० वर्षांची, तिचा मामेभाऊ-आतेभाऊ जे काय म्हणाल तो फ्रान्सिस्को मार्तो ८-९ चा आणि त्याची बहीण जसिंता ७ ची. मेंढ्या राखायला जायची. घरून ताकीद होती की डबा खाऊन झाला की रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची, आणि ह्या पोरांनी काय शक्कल काढलेली माहितीये? पूर्ण प्रार्थना म्हणायचीच नाही, मण्यामण्याला नुसतं "नमो मरिया, नमो मरिया" म्हणत पुढे सरकायचं, की झाली रोझरी, चला खेळायला! हे लुसियानंच पुढे लिहून ठेवलंय. जसिंताला नाचायचं वेड होतं, खेळात हरली की रुसून बसायची. हे तुमच्या लेकीला नक्की सांगा, खदखदून हसेल, आणि तिला कळेल की जसिंता तिच्यासारखीच होती.

मग १३ मेपासून १३ ऑक्टोबरपर्यंत त्यांना येशूच्या आईची, पवित्र मरियेची, ती सगळी दर्शनं झाली आणि पोरं बदलली. डबा आधी मेंढ्यांना दिला, मग गरीब पोरं भेटली त्यांना द्यायला लागले. तुमच्या लेकीनं हे इथूनच उचललंय. पण एक प्रसंग आहे तो मला सगळ्यात आवडतो. भर उन्हाचा दिवस, तहानेनं जीव चाललेला, लुसिया जवळच्या घरी जाऊन पाण्याचं भांडं मागून आणते. फ्रान्सिस्को म्हणतो मी नाही पीत, पाप्यांसाठी. जसिंता म्हणते मी पण नाही. मग ते पाणी दगडातल्या खळग्यात ओतून मेंढ्यांना पाजतात. ऊन वाढतं, रातकिडे किरकिरतायत, बाजूच्या डबक्यात बेडूक ओरडतायत, आणि ती सात वर्षांची पोर डोकं धरून बसते आणि सांगते, त्या बेडकांना गप्प बसायला सांगा ना, डोकं ठणकतंय माझं! भाऊ विचारतो, मग हे नको का सहन करायला पाप्यांसाठी? तर म्हणते, हो, करते, ओरडू दे त्यांना.

ह्यात उपाशी राहण्याचं कौतुक आहे असं आपण मोठे धरून चालतो. मला तर आधी दिसतं ते उन्हात डोकं दुखणारं एक पोर, आणि आजूबाजूला एकही मोठं माणूस नाही. तुमच्या घरात मोठं माणूस आहे ना, तुम्ही आहात. फरक तिथेच पडतो.

सुतळीचं पण तसंच. रस्त्यात त्यांना एक जाड दोरी सापडली, हाताला खुपली, तर लुसियाला वाटलं ही बांधली तर चांगला त्याग होईल, तिघांनी तुकडे करून वाटून घेतली. जसिंताला इतकी रुतायची की डोळ्यांत पाणी यायचं, लुसिया म्हणायची काढ गं, ती काढायची नाही. आणि मग सप्टेंबरच्या दर्शनात पवित्र मरियेने काय सांगितलं असं लुसिया लिहिते? की तुमच्या त्यागावर देव खूश आहे पण दोरी बांधून झोपलेलं त्याला नकोय, फक्त दिवसा बांधा. आता सासूबाई म्हणतील बघा, दिवसा बांधा म्हटलंय ना! तर त्यांना म्हणा, दर्शनातल्या मरियेने पण पोरांच्या उत्साहाला लगामच घातला, चढवलं नाही, एवढं तरी आपण उचलू. आणि दिवसाचं म्हणाल तर त्यापुढे चर्चने स्वतः काय नियम केलाय तो पुढे सांगते.

हे सगळं आपल्याला कळलं कुठून, तेही लेकीला मोठी झाल्यावर सांगायला हवं. फ्रान्सिस्को ४ एप्रिल १९१९ ला गेला, तेव्हा जगभर जी फ्लूची साथ होती तिच्यात, ११ वर्षं पण पूर्ण झाली नव्हती. जसिंता २० फेब्रुवारी १९२० ला, लिस्बनच्या हॉस्पिटलात, बरगड्या काढायचं ऑपरेशन झालेलं, भूल पूर्ण देता आली नव्हती, आणि शेवटच्या रात्री जवळ घरचं कोणी नव्हतं. दहा वर्षांची व्हायची होती अजून. दोरीचं, डब्याचं, बेडकांचं सगळं लुसियानं लिहिलं ते १९३५ पासून पुढे, बिशपांनी सांगितलं म्हणून, आणि तेव्हा ती सिस्टर झालेली, तिशीच्या आसपासची. म्हणजे गेलेल्या धाकट्या भावंडांची आठवण एक मोठी बाई काढतेय. खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही, पण आपणही गेलेल्या माणसाचं आठवताना त्यानं काय सोसलं तेच आधी आठवतो ना, खेळात किती भांडला ते मागे पडतं. तरी लुसिया प्रामाणिक, तिनं रोझरीची चलाखी पण लिहिली, जसिंताची दोरी नंतर आपण जाळली ते पण लिहिलं.

आता नियम. तुमच्या सासूबाईंशी बोलताना हाच कामाला येईल कारण "आजकालच्या आयांना त्याग नको" हे त्या म्हणणारच. चर्चच्या कायद्यात १२५२ वं कलम आहे, सोप्या भाषेत सांगते, मांस वर्ज्य करायचं बंधन १४ वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि उपवासाचं बंधन १८ पूर्ण झाल्यावर, ते पण साठीला लागेपर्यंतच. राख बुधवार असो नाहीतर शुभ शुक्रवार, चर्च स्वतः नऊ वर्षांच्या पोरीला उपाशी राहायला सांगत नाही! आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की लहानांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवायची जबाबदारी धर्मगुरूंची आणि आईबापांची. म्हणजे तुमचीच. तुम्ही तिला जेवायला लावताय तर चर्चच्या विरोधात नाही जात, चर्चने दिलेलं काम करताय. विश्वास बसत नसेल तर धर्मग्रामातल्या फादरांना विचारा, तेही हेच सांगतील.

बरं, बालसंतांच्या गोष्टीत एक असा आहे की ज्यात मोठं माणूस वेळेवर हजर आहे. दोमिनिक साव्हियो, इटलीचा, तोरिनोला डॉन बॉस्कोंच्या शाळेत होता. डॉन बॉस्को म्हणजे तेच, ज्यांच्या नावाची माटुंग्याला शाळा आहे. ह्या पोरालाही बारा-तेराव्या वर्षी संत व्हायचं खूळ लागलं, सेम तुमच्या लेकीसारखं. अंथरुणात लाकडाचे तुकडे न् दगडगोटे घालून झोपायला लागला, थंडीत पांघरूण पातळ घ्यायचा. डॉन बॉस्कोंना कळलं आणि त्यांनी सरळ बंदी घातली, परवानगीशिवाय असलं काही करायचं नाही. पोरगं कळवळलं, म्हणे मग मी त्याग करू कसा? त्यांचं उत्तर साधारण असं, की तुझा त्याग म्हणजे सांगितलेलं ऐकणं, ऊन-थंडी-आजारपण जे आपोआप येतं ते निमूट सोसणं, अभ्यास नीट करणं आणि मैदानावर सगळ्यांबरोबर आनंदानं खेळणं. बस. साव्हियो १८५७ मध्ये गेला, १५ वर्षांचा व्हायला थोडेच दिवस बाकी होते, आणि १९५४ साली संत झाला. ज्याचं अंथरूण झाडून टाकलं गेलं, जेवायला बसवलं गेलं, खेळायला पिटाळलं गेलं तोच संत झाला ना! लेकीला ही गोष्ट सांगा, आणि घरात डॉन बॉस्कोंचं काम तुमचं हे पण सांगून टाका. लादीवरून गादीवर आणायला दुसरी युक्ती मला तरी सुचत नाही.

आणि एक मजेशीर गोष्ट सांगू का, जी तुम्हाला फादर सांगतीलच असं नाही. शहीद न झालेल्या लहान मुलांना संत म्हणायचं की नाही ह्यावर रोममध्येच कित्येक वर्षं घोडं अडलेलं. १९३७ च्या सुमाराला ठरलं की मुलांच्या नव्या केसेस घ्यायच्याच नाहीत, कारण संतपद म्हणजे सद्गुण वीराच्या तोलाचे आणि बराच काळ टिकलेले हवेत, आणि एवढ्या लहान वयात ते आहेत हे ठरवायचं कसं? शंका रास्त होती खरंतर, आज छान वागणारं पोर उद्या भावाला बोचकारतं. १९८१ साली विचार बदलला, मुलं पण आपल्या वयाच्या मानाने तसं जगू शकतात असं मान्य झालं, आणि मग फ्रान्सिस्को-जसिंताचा मार्ग मोकळा झाला, २००० मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी), १३ मे २०१७ ला पोप फ्रान्सिसनी फातिमात जाऊन संत म्हणून जाहीर केलं. वयाच्या मानाने, हा शब्द पकडून ठेवा तुम्ही. नऊ वर्षांच्या वयाच्या मानाने त्याग म्हणजे काय? डब्यातल्या दोन पोळ्यांपैकी एक दिली, सुकेळीचा अर्धा तुकडा दिला, शेवटचा लाडू भावाला दिला. सगळा डबा देऊन पाणी पिणं नाही. तिला देण्याची हौस आहे ना, ती मारू नका, तिला म्हणा उद्यापासून दोन डबे देते, एक तुझा आणि एक वाटायचा, पण अट एकच, तुझा तू संपवायचास. व्हॅनमधली पोरं तशीही तिच्या डब्यावर टपलेली असणार आता, सवय झालीय त्यांना!

तिला अजून संत हवेत तर आपल्या वसईचेच घ्या ना. गोन्सालो गार्सिया तिला माहीत असणार, पण त्यांच्याबरोबर ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला जे क्रुसावर चढवले गेले त्या २६ जणांत तीन पोरं होती हे क्लासला सांगितलं का कुणी? लुईस इबाराकी १२ वर्षांचा, अंतोनियो १३ चा आणि थॉमस कोझाकी १४-१५ चा. क्योतोला त्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापले आणि ऐन थंडीत शेकडो मैल चालवत नागासाकीला नेलं. त्या थॉमसनं वाटेत मिहाराच्या किल्ल्यातून आईला पत्र लिहिलं, आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ. ते पत्र आईला पोचायच्या आधीच सगळं संपलं, नंतर ते सापडलं त्याच्या बापाच्या अंगावर, कारण बाप मिगेल पण त्याच रांगेत क्रुसावर होता. आणि अंतोनियोचे आईबाप टेकडीवर समोर उभे राहून रडत होते. ह्या पोरांनी मरण मागून आणलं नव्हतं, तिथला सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या हुकुमाने त्यांच्यावर आलं, आणि आल्यावर ती मागे हटली नाहीत. आपणहून दोरी बांधणं वेगळं. लेकीला हा फरक कळतो, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतो. आणि ही गोष्ट सांगताना आईला लिहिलेलं पत्र आणि रडणारे आईबाप गाळू नका, म्हणजे तिला दिसेल की संतांच्या घरी पण आया असतात आणि पोराला काही झालं की त्यांचं काळीज तुटतं.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न. मला कोणी धरलं तर मी पण मरायचं का?

नाही. एवढंच उत्तर, आणि आजच द्या, "बघू नंतर" नको. तिला म्हणा: नाही बाळा, तू जगायचंस. जोरात ओरडायचं, चावायचं, पळायचं, आणि नाही पळता आलं तरी त्यात तुझी काही चूक नाही, घरी येऊन मला सांगायचं, मी तुझ्यावर कधीच रागावणार नाही. १०९८ हा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या, चाइल्डलाइनचा.

टीचरनी जे वाक्य वापरलं ना, ते वाचून माझं डोकं फिरलं, खरं सांगते. टीचर वाईट नसणार, त्यांना पण कुणीतरी तसंच शिकवलेलं. पण पोरींच्या वर्गात "अब्रू" हा विषय असा मांडला की ज्या पोरीवर खरंच काही बेतलंय आणि ती जिवंत बसलीय त्या बाकावर, तिनं काय समजायचं? की मी मेले नाही म्हणजे मी अपवित्र? चर्चची शिकवण अशी नाहीच. रोम ४१० साली लुटलं गेलं तेव्हा अत्याचार झालेल्या बायकांबद्दल लोक असंच बोलायला लागले होते, आणि संत ऑगस्टिननी तेव्हाच लिहून ठेवलं की दुसऱ्याने जबरदस्ती केली म्हणून बाईचं पावित्र्य जात नाही, पाप करणाऱ्याचं. सोळाशे वर्षं झाली ह्याला!

मारियाची गोष्ट पूर्ण सांगितली तर फार वेगळी दिसते. अकरा वर्षांची पोर, बाप मलेरियानं गेलेला, आई असुंता शेतावर राबणारी, आणि एकाच घरात दुसरं कुटुंब राहतंय, त्यातला आलेस्सांद्रो वीस वर्षांचा. त्यानं आधीपण त्रास दिलेला, आणि कुणाला सांगितलंस तर मारून टाकीन अशी धमकी दिलेली, म्हणून ती गप्प राहिली, आईला नुसतं म्हणायची मला एकटीला सोडून जाऊ नकोस. आईला कळलं नाही का ते, कसं कळणार, पोर बोललीच नाही. ५ जुलै १९०२ ला ती जिन्यावर शर्ट शिवत बसली होती, बाजूला धाकटी बहीण झोपलेली, तेव्हा त्यानं तिला आत ओढलं. तिनं विरोध केला, त्यानं चौदा वार केले, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ती गेली, जाताना त्याला माफ करून गेली. १९५० मध्ये तिला संत म्हणून जाहीर केलं तेव्हा तिची आई हजर होती तिथे. मारेकऱ्याला तीस वर्षांची शिक्षा झाली, सत्तावीस वर्षांनी सुटला, आणि पुढे ह्या आईकडे माफी मागायला गेला, आणि तिनं दिली.

माझ्या दृष्टीने ह्यातून नऊ वर्षांच्या पोरीला द्यायची गोष्ट एकच: कुणी धमकी दिली तरी आईला सांगायचं, आणि "मला एकटीला सोडू नकोस" असं पोर म्हणालं तर आईनं विचारायचं का गं. हा दुसरा अर्धा भाग आपल्यासाठी आहे. माफीबिफी मोठ्यांचा विषय, ते तिच्यावर आत्ता लादू नका. आणि हो, ती हा प्रश्न नुसता गोष्टीमुळे विचारतेय की आणखी कशामुळे, एवढं हळूच चाचपून बघा. बहुतेक गोष्टीमुळेच असेल. पण विचारा. व्हॅनमध्ये, शेजारी, क्लासला, कुठेच कोणी त्रास देत नाही ना.

क्लास बंद करायचं तुमचे मिस्टर म्हणतात त्यामागची काळजी समजते मला, पण नका करू. एक तर यंदा कम्युनियन आहे, सगळ्या मैत्रिणी पांढऱ्या फ्रॉकात आणि ही घरी, ह्यातून ती एवढंच शिकेल की देवाबद्दल घरी बोलायचं नाही, आणि पुढची सुतळी तुम्हाला दिसणार पण नाही. त्यापेक्षा मिस्टरांनाच टीचरना भेटायला पाठवा, तुम्ही दोघं जा, भांडायला नाही. काय काय झालं ते सांगा, वळांचं पण सांगा, आणि विनंती करा की दोरीची आणि उपवासाची गोष्ट सांगताना हे घरी करायचं नाही एवढं वर्गात मोठ्याने म्हणा. तीस पोरांच्या वर्गात असं करणारी तुमची एकटीच असेल असं धरून चालू नका. मारियाचं वाक्य फादरांच्या कानावर घाला, ते टीचरशी बोलतील.

तिला नवीन पिढीचा कोणी हवा असेल तर कार्लो अकुतिस आहेच, ७ सप्टेंबर २०२५ ला संत झाला, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं गेला, असिसीला काचेच्या पेटीत जीन्स आणि स्नीकर्स घालून ठेवलाय. कॉम्प्युटरवर बसून ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची वेबसाइट केली, वर्गात कुणाला त्रास दिला की मध्ये पडायचा, प्लेस्टेशन पण खेळायचा, फक्त आठवड्याला एक तास असं त्यानं स्वतःच ठरवलेलं. तुमच्या मोबाइलचा तिला नाद असेल तर उपाशी राहण्यापेक्षा हा त्याग फार बरा, आणि तुमचाही फायदा!

राहिली सासूबाईंची साक्ष. ह्यात मात्र हो-नाही करत बसू नका, सरळ नाही म्हणा, नवऱ्याला पण सोबत घ्या, त्यांच्या आईला त्यांनी सांगितलेलं बरं. माईकवर उभी राहून "मी पापी लोकांसाठी डबा सोडला" म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी पापे घेतले, की मग ती जेवेल का परत? दर महिन्याला नवीन काहीतरी सोसून दाखवावं लागेल तिला. फातिमाच्या पोरांच्या मागे लोक किती लागायचे माहितीये, रोज कोणीतरी येऊन तेच तेच प्रश्न, शेवटी पाहुणे येताना दिसले की पोरं लपून बसायची. वरून ऑगस्टमध्ये तिथल्या अधिकाऱ्यानं तिघांना उचलून नेलं, उकळत्या तेलात टाकीन म्हणून घाबरवलं.

आणि मोठी माणसं देवाच्या नावावर मुलांना पुढे करायला लागली की गोष्ट कुठवर जाते ह्याचं एक टोक पण ऐका, इटलीतल्या त्रेंतोमध्ये १४७५ साली सिमोन नावाचं दोन-अडीच वर्षांचं पोर मेलेलं सापडलं, लोकांनी आळ घेतला गावातल्या ज्यू लोकांवर, हाल करून कबुली वदवली, कित्येकांना मारलं, आणि त्या पोराला संत करून पूजा सुरू झाली. ती चर्चने थांबवली १९६५ मध्ये. तुमच्या सासूबाई भल्या बाई असणार, नातीचं कौतुक आहे त्यांना, ह्या असल्या गोष्टीशी त्यांचा काही संबंध नाही, मी फक्त म्हणतेय की त्या पोराला कुणी विचारलं नव्हतं, आणि तुमच्या लेकीला पण अजून कुणी विचारलेलं नाहीये.

सासूबाईंना दुसरं काम द्या. रोज दुपारी व्हॅन आली की डबा उघडून बघायचा, राहिलं असेल तर नातीला शेजारी बसवून संपवून घ्यायचं, आणि संध्याकाळी दोघींनी मिळून रोझरी म्हणायची, एकच दशक, म्हणजे दहा मणी, पूर्ण शब्दांसकट. प्रार्थनासभेच्या ताईंना तुम्हीच फोन करा, पोरगी येतेय पण बोलणार नाही म्हणून. त्या आग्रह करतील. तरी नाही म्हणा. आणि डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला कळवा, वजन काय निघालं ते.